बॅक्युला आणि एलटीओ टेप: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव, मुख्यतः परमिशनच्या भानगडीचा

आमच्या प्रयोगशाळेत गेल्या उन्हाळ्यापासून बॅक्युला हे बॅकअपचं सॉफ्टवेअर चालू आहे. डेबियन १२ चा एक सर्व्हर, त्याला एसएएस केबलने जोडलेला एलटीओ-७ चा (एलटीओ या मॅग्नेटिक टेपची सातवी पिढी) ऑटोलोडर, म्हणजे टेपा आपोआप बदलणारं यंत्र. बॅकअप घ्यायचा तो मायक्रोस्कोपच्या प्रतिमांचा आणि त्यांवर काम करणाऱ्यांच्या होम फोल्डरांचा. एलटीओ-७ च्या एका टेपवर कॉम्प्रेशन न धरता ६ टीबी मावतात. आमच्या प्रतिमा आधीच कॉम्प्रेस झालेल्या असतात, त्यामुळे खोक्यावर छापलेला १५ टीबीचा आकडा आम्ही हिशेबात धरतच नाही.

निकाल आधीच सांगतो. सॉफ्टवेअर चांगलं आहे आणि मी ते बदलणार नाही. पण सुरुवातीच्या महिन्यांत जो त्रास झाला तो जवळजवळ सगळा एकाच प्रकारचा होता: टेप ड्राइव्हमध्ये आहे, ड्राइव्ह ठणठणीत आहे, आणि तरी बॅक्युलाला त्या टेपवर लिहिता येत नाही. म्हणून हा अनुभव बराचसा त्याबद्दलच आहे.

ज्यांनी बॅक्युला पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कर्न सिबाल्ड यांनी २००० साली सुरू केलेला हा मुक्त स्रोत प्रकल्प. डायरेक्टर नावाचा भाग कधी कशाचा बॅकअप घ्यायचा ते ठरवतो, प्रत्येक मशीनवर एक फाइल डेमन (डेमन म्हणजे मागे गुपचूप चालत राहणारा प्रोग्रॅम) बसतो, आणि टेपशी प्रत्यक्ष बोलतो तो स्टोरेज डेमन. कुठली फाइल कुठल्या टेपवर गेली याची नोंद कॅटलॉगमध्ये, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये राहते. आमची सगळी गोष्ट स्टोरेज डेमनभोवती फिरते, कारण तो रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर म्हणून, चालत नाही. तो 'बॅक्युला' नावाच्या साध्या युजरखाली चालतो. हे मुद्दाम केलेलं आहे आणि मला ते पूर्ण पटतं. नेटवर्कवर ९१०३ पोर्ट उघडून बसलेला प्रोग्रॅम रूटच्या ताकदीने चालवायचा नसतो.

आमचं पहिलं लक्षण असं होतं. सकाळी ऑपरेटर यायचा आणि म्हणायचा, "सर, रात्रीचा जॉब परत लटकलाय, टेप मागतोय. टेप तर आतच आहे." कन्सोलवर संदेश यायचा त्याचा अर्थ: डिव्हाइस उघडता आलं नाही किंवा ते अस्तित्वातच नाही. माझी बॅक्युलाविरुद्धची सगळ्यात मोठी तक्रार या एका वाक्याबद्दल आहे. परवानगी नसणं आणि डिव्हाइस नसणं या दोन संपूर्ण वेगळ्या गोष्टी. एकीचा इलाज ग्रुपमध्ये आहे, दुसरीचा केबलमध्ये. ऑपरेटिंग सिस्टिमने स्टोरेज डेमनला नेमकं कारण सांगितलेलं असतं, पण जॉबच्या रिपोर्टमध्ये ते पुढे येत नाही. ते बघायला स्टोरेज डेमनचा स्वतःचा लॉग उघडावा लागतो. तिथे मात्र स्पष्ट लिहिलेलं सापडलं: एनएसटी० (टेप ड्राइव्हच्या फाइलचं नाव), परमिशन डिनाइड.

गोंधळ वाढवणारी दुसरी बाब म्हणजे बी-टेप. बॅक्युलासोबत येणारं हे तपासणीचं साधन उत्तम आहे. टेपवर लिहितं, मागे जातं, परत वाचतं, ब्लॉक जुळतात का बघतं. पण सगळे ते रूट म्हणून चालवतात, आणि रूटला सगळंच उघडता येतं. म्हणजे चाचणी पास आणि रात्रीचा जॉब नापास. बी-टेपची चाचणी बॅक्युला युजर म्हणून, सुडो वापरून चालवली तरच तिला अर्थ आहे. आधी कन्सोलमधून ड्राइव्ह अनमाउंट करायला विसरू नका, नाहीतर डिव्हाइस बिझी असल्याचा आणखी तिसराच संदेश येईल आणि तुम्ही भलत्याच वाटेने जाल.

आता मूळ कारण. लिनक्सवर टेप ड्राइव्हची फाइल रूटच्या मालकीची असते, ग्रुप 'टेप' असतो आणि परवानगी ६६०. म्हणजे टेप ग्रुपमधल्याला वाचता-लिहिता येतं, बाकीच्यांना काहीच नाही. आमच्याकडे मशीन बसवून देणाऱ्यांनी डेमन सुरू करणाऱ्या सिस्टिमडीच्या सर्व्हिस फाइलवर एक ओव्हरराइड टाकून ठेवला होता, त्यात ग्रुप म्हणून 'बॅक्युला' लिहिलेलं. युजर टेप ग्रुपमध्ये नव्हताच. म्हणून त्याला ग्रुपमध्ये घातलं, 'आयडी' कमांड चालवली, तिने टेप ग्रुप दाखवला, आणि जॉब तरीही पडला.

इथे बरेच लोक अडकतात म्हणून जरा थांबून सांगतो. 'आयडी' कमांड ग्रुपच्या फाइलमध्ये आत्ता काय लिहिलंय ते सांगते. आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसला ते लागू होत नाही, कारण प्रोसेस सुरू होताना जे ग्रुप मिळाले तेच तिच्याकडे राहतात. खरं उत्तर प्रॉक फोल्डरमध्ये, स्टोरेज डेमनच्या क्रमांकाखालच्या 'स्टेटस' फाइलमध्ये असतं. तिथे जीआयडी आणि ग्रुप्स अशा दोन ओळी दिसतात. डेबियनवर टेप ग्रुपचा क्रमांक २६ आहे, तो या दोनपैकी एका ओळीत दिसलाच पाहिजे. आमच्याकडे नव्हता. डेमन रीस्टार्ट केल्यावर दिसला आणि त्याच रात्री जॉब लागला. आणखी एक, युजरला नवीन ग्रुपमध्ये घालताना युजरमॉड कमांडला मोठ्या 'जी' सोबत छोटा 'ए' द्यायचाच. तो राहिला तर आधीचे जादा ग्रुप निघून जातात आणि एक दुखणं बरं करताना दुसरं उभं राहतं.

नेटवर शोधलं की पहिला सल्ला मिळतो तो ड्राइव्हच्या फाइलवर चमॉड ६६६ मारायचा, म्हणजे ती सगळ्यांना वाचा-लिहायला मोकळी करायचा. कृपया करू नका. एक तर मशीनवरच्या कुठल्याही युजरला तुमचा बॅकअप वाचता आणि पुसता येतो. दुसरं म्हणजे ते टिकत नाही. डिव्हाइसच्या फाइली असलेलं डेव्ह फोल्डर दर बूटला कर्नल आणि यूडेव्ह (त्या फाइलींची नावं आणि परवानग्या ठरवणारा प्रोग्रॅम) नव्याने बांधतात, तेव्हा मशीन बंद-चालू झालं की परवानगी पूर्वपदावर. वीज गेल्यानंतरच जॉब पडतात अशी कुणाची तक्रार असेल तर आधी हेच तपासावं. परवानगी बदलायचीच असेल तर ती यूडेव्हच्या नियमात लिहायची.

ड्राइव्ह सुटला तरी ऑटोलोडर वेगळा. टेप उचलून ड्राइव्हमध्ये ठेवणारा हात हे स्वतंत्र स्कझी डिव्हाइस आहे, त्याची फाइल एसजी नावाने येते, आणि तिलाही टेप ग्रुप लागतो. बॅक्युला हे काम एमटीएक्स-चेंजर नावाच्या स्क्रिप्टकडून करून घेतं, आणि ती स्क्रिप्टही त्याच बॅक्युला युजरखाली चालते. आमचा ड्राइव्ह चालत होता तेव्हाही स्लॉटची यादी रिकामी यायची, कारण एसजी फाइल रूट ग्रुपमध्ये होती. यूडेव्हच्या नेहमीच्या नियमांत टेप आणि चेंजर या दोन्ही जातीच्या डिव्हाइसना टेप ग्रुप दिलेला असतो. आमच्या मशीनवर कुणीतरी हाताने लिहिलेला एक जुना नियम त्याच्या नंतर वाचला जात होता. तो काढला, नियम पुन्हा वाचायला लावले, स्लॉट दिसू लागले.

नावांचं आणखी एक. एसजीचे क्रमांक बूटगणिक बदलू शकतात. आज एसजी३ चेंजर असेल, उद्या तिथे एखादी हार्ड डिस्क असेल, आणि मग येणारी परमिशन डिनाइड ही खरं तर देवाची कृपाच म्हणायची. कॉन्फिगरेशनमध्ये क्रमांकाचं नाव लिहूच नका. डेव्ह खाली 'टेप', त्याखाली 'बाय-आयडी' फोल्डरमध्ये सीरियल नंबरवरून केलेली कायमची नावं असतात, ती वापरा. आणि ड्राइव्हचं 'एनएसटी' असलेलं नावच घ्या. नुसतं एसटी० दिलंत तर फाइल बंद होताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते, आणि पुढचं लिखाण आधीच्या डेटावर जाऊ शकतं.

आता ज्या परवानग्या परवानग्या नसतातच त्यांच्याकडे येतो. एके दिवशी लॉगमध्ये परमिशन डिनाइडच्या जागी रीड-ओन्ली फाइल सिस्टिम असा संदेश दिसू लागला. टेपवर फाइल सिस्टिम नसते, त्यामुळे सगळे बुचकळ्यात पडले. कारण साधं होतं: कार्ट्रिजच्या कडेला लाल रंगाचा छोटा सरकवायचा खटका असतो, तो लॉकच्या बाजूला होता. लिनक्सचा टेप ड्रायव्हर अशी टेप लिहिण्यासाठी उघडायला नकार देतो आणि तो नकार याच शब्दांत कळवतो. एमटी कमांडने स्थिती विचारली तर डब्ल्यूआर-प्रोट अशी खूण दिसते. मात्र एमटी-एसटी हे पॅकेज घाला, कारण सीपीआयओसोबत येणारी एमटी इतकं सविस्तर सांगत नाही.

खटका बरोबर असूनही लिहिता येत नसेल तर टेपची पिढी बघा. एलटीओ-७ ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचतो पण एकच पिढी मागचं लिहितो. म्हणजे एलटीओ-५ च्या टेपवरून रिस्टोअर होईल, तिच्यावर बॅकअप होणार नाही. कपाटातल्या जुन्या एलटीओ-५ टेपा पूलमध्ये, म्हणजे बॅक्युलाने वापरायच्या टेपांच्या गटात, टाकून पैसे वाचवू असं आमच्याकडे ठरत होतं, ते इथेच संपलं. आणि बारकोडची शेवटची दोन अक्षरं वाचायची सवय लावा. एल७ म्हणजे साधी एलटीओ-७, एलएक्स म्हणजे एकदाच लिहिता येणारी. ती पुन्हा वापरता येणार नाही, कितीही परवानग्या दिल्या तरी.

परवानगी दुरुस्त झाली म्हणजे टेप लगेच कामाला लागते असंही नाही. मधल्या काळात पडलेल्या जॉबांमुळे कॅटलॉगमध्ये काही व्हॉल्यूमची (बॅक्युला प्रत्येक टेपला व्हॉल्यूम म्हणतं) स्थिती 'एरर' झालेली असते आणि बॅक्युला त्यांना हात लावत नाही. लोक इथे घाईने टेप कोरी करून नवीन लेबल मारतात. लेबलवर फाइलमार्क (टेपवरची 'इथे फाइल संपली' अशी खूण) लिहिलात तर आतला डेटा बॅक्युलाच्या दृष्टीने गेला, म्हणून आधी टेपवर काय आहे ते बघा. माझी पद्धत अशी: लॉगवरून खात्री झाली की टेप नुसती उघडली नव्हती, काही लिहिलं गेलं नव्हतं, तर अपडेट व्हॉल्यूम करून स्थिती परत 'अपेंड' करतो. पण टेपवरची फाइलसंख्या आणि कॅटलॉगमधली संख्या जुळत नाही असा संदेश असेल तर 'अपेंड' नाही, 'यूज्ड' करतो. त्यावर पुढे लिहिलं जात नाही, आधीचे जॉब मुदत संपेपर्यंत सुरक्षित राहतात. एखाद्या टेपची काही टीबी जागा वाया जाते, ती जाऊ द्यावी.

आम्ही रोजचे बॅकअप आधी डिस्कवर घेतो आणि मग टेपवर कॉपी करतो. डिस्कवरची व्हॉल्यूम म्हणजे साध्या फाइली, आणि तिथेही हाच रोग होतो. कुणी तपासायला म्हणून स्टोरेज डेमन हाताने, रूट असताना सुरू केला की तेवढ्या वेळात बनलेली व्हॉल्यूम आणि कामाच्या फोल्डरमधली स्थितीची फाइल रूटच्या मालकीची होते. नंतर डेमन नेहमीसारखा सुरू झाला की त्याला आपल्याच फाइली उघडता येत नाहीत. मालकी बदलली की झालं, पण शोधण्यात वेळ जातो.

आमच्या दुसऱ्या इमारतीत रॉकी लिनक्स आहे, तिथे एसई-लिनक्सची, म्हणजे नेहमीच्या परवानग्यांवरच्या आणखी एका सुरक्षा तपासणीची, भर पडते. मालक बरोबर, ग्रुप बरोबर आणि तरी नकार, असं असेल तर ऑडिट लॉग बघा. डिस्कवरच्या व्हॉल्यूमच्या फोल्डरला बॅक्युला-स्टोअरचं लेबल द्यावं लागतं. एसई-लिनक्स बंद करून प्रश्न मिटवू नका. कंटेनरमध्ये चाचणी घेणाऱ्यांसाठी एवढंच: टेप डिव्हाइसचा मेजर क्रमांक ९, एसजीचा २१, दोन्ही बाहेरून मोकळे करून द्यावे लागतात, आणि अनप्रिव्हिलेज्ड कंटेनरमध्ये मालक 'नोबडी' दिसतो. मी तो नाद सोडला आणि स्टोरेज डेमन थेट मशीनवरच ठेवला.

हे सगळं एकदा बसल्यानंतर बॅक्युलाने जे दिलं ते मोलाचं आहे. एका संशोधक विद्यार्थिनीने प्रतिमांचं अख्खं फोल्डर चुकून उडवलं तेव्हा कॅटलॉगने नेमकी टेप सांगितली, ऑटोलोडरने ती स्वतः लावली, आणि फाइली मूळ मालकासह, मूळ वेळेसह परत आल्या. लिखाणाचा वेगही एलटीओ-७ च्या सांगितलेल्या सेकंदाला ३०० एमबीच्या बराच जवळ जातो, मात्र आधी डिस्कवर स्पूल केलं, म्हणजे तात्पुरतं साठवलं, तरच. कन्सोल टेक्स्टचं आहे, मेन्यू जुन्या वळणाचे आहेत, कॉन्फिगरेशन शिकायला वेळ लागतो. ज्यांच्याकडे दोन-चार लॅपटॉप आहेत त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. ज्यांच्याकडे टेप आहे आणि ती सांभाळायला एक माणूस आहे, त्यांना मी हेच सुचवेन.

सध्या एकच काम शिल्लक आहे. ड्राइव्ह स्वतःहून देतो त्या इशाऱ्यांची नोंद, म्हणजे टेप झिजली, हेड साफ करा वगैरे, जॉबच्या रिपोर्टमध्ये आणायची आहे. त्यासाठी बॅक्युलाला चेंजरची नाही, ड्राइव्हची स्वतःची एसजी फाइल कंट्रोल डिव्हाइस म्हणून द्यावी लागते, आणि तिच्यावर पुन्हा तोच टेप ग्रुप हवा. नियम लिहून ठेवला आहे, पुढच्या मेंटेनन्सच्या वेळी मशीन बंद-चालू करून तो टिकतो का ते बघणार आहे.