झाकणावर वाचता येणारा लोगो आणि फोनवर चालणारी वेबसाइट

कुडाळला एक मुलगी एकटीच डिझाइनचं काम करते. वेंगुर्ल्यातल्या आमच्या कोकमाच्या आगळ (मीठ घातलेला रस), सरबत, आमसुलांच्या धंद्याचा लोगो आणि वेबसाइट तिने केली. काम मनापासून आवडलं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या भेटीत तिने लॅपटॉप उघडलाच नाही. बाटली, झाकण आणि कुरियरचा खोका मागून घेतला. "वहिनी, ह्या झाकणार कसा दिसता ता आधी बघूया," म्हणाली. आमचा जुना लोगो दुसरीकडे केलेला. नारळ, समुद्र, होडी, सूर्य आणि एका कोपऱ्यात कोकम. फ्लेक्सवर बरा दिसायचा, झाकणावर नुसता डाग. शिवाय हातात फक्त जेपीजी दिलेली, त्यामुळे मोठा केला की कडा फुटायच्या.

नवा लोगो म्हणजे आडवा कापलेला रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, आणि आतल्या बिया, एवढंच. तो तिने आधी काळ्या रंगात केला, कारण आमचे खोके एकाच रंगात छापले जातात आणि तपकिरी कागदावर कोकमाचा लाल मळकट दिसतो. अक्षरांवर तर तिने सर्वांत जास्त वेळ दिला. 'वेंगुर्ले'मध्ये रफार आणि मात्रा शेजारी येतात. जाड, नक्षीदार फॉन्टमध्ये लहान आकारात ती दोन्ही एकमेकांत चिकटून जायची. तिने 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'मुक्त' फॉन्ट लावला, तो मोफत आहे आणि जोडाक्षरं नीट बसतात. मोठं केलं तरी कडा फुटू नयेत म्हणून एसव्हीजी आणि पीडीएफ फाइल न मागता दिल्या.

वेबसाइटवर सरकत्या फोटोंची पट्टी नको असं तिने ठामपणे सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. इथे पावसाळ्यात नेटवर्कचे जे हाल असतात, त्यात जड फोटो उघडतच नाहीत. तिने फोटो हलके केले, भाव आणि कुरियरखर्च वरच ठेवला. फोन नंबर चित्रात न घालता मजकुरात लिहिला, बोट लावलं की फोन लागतो. मुंबई-पुण्याची बरीच गिऱ्हाइकं आगळ म्हणजेच सरबत समजून पाणी घालून पितात आणि खारट लागलं म्हणून तक्रार करतात. आगळात मीठ, सरबतात साखर, हे तिने पहिल्याच पानावर दोन बाटल्या शेजारी ठेवून दाखवलं, लेबलांचे रंगही वेगळे केले. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, आमच्याच नावावर, आमच्याच ईमेलने घेतलं.

कोकमाच्या जीआयचं (भौगोलिक मानांकनाचं) चिन्ह मात्र तिने लावलं नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीचा कागद दाखवा, मग लावते, म्हणाली. सासऱ्यांना ते आवडलं नाही. मला पटलं. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नपरवान्याचा, १४ अंकी क्रमांक तिने स्वतः परवान्याशी ताडून बघितला.

उणं एवढंच, की इंग्रजी मजकूर कोरडा झालाय, तो दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागेल. फोटोग्राफीचे पैसे वेगळे पडतात, हेही आधी स्पष्ट सांगायला हवं होतं. आणि मे महिन्यात ती फोन उचलत नाही. आंबेवाल्यांची सगळ्यांची कामं तेव्हाच असतात. हंगामासाठी काही करून घ्यायचं असेल तर दिवाळीनंतर लगेच गाठा, आणि जाताना आपली बाटली, पुडा, खोका जे असेल ते सोबत न्या.