पन्नाशीनंतर वेटर: फ्लॉरेन्स की न्यूयॉर्क?

इटलीत पगार बेताचाच, पण मालक आणि कामगार संघटनांमधल्या राष्ट्रीय करारानुसार नोकरी असेल तर वर्षाला 14 पगार. टिपेची सक्ती नाही. बिलातला ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलावर बसण्याचा माणशी आकार, मालकाच्या गल्ल्यात जातो. पेन्शन 67व्या वर्षी, तीही साधारण 20 वर्षांचा भरणा असेल तर. पन्नाशीत सुरुवात केलेल्याने हा हिशेब आधी मांडावा!

अमेरिकेत उलटं. टिपवाल्यांचं केंद्रीय किमान वेतन 1991पासून ताशी 2.13 डॉलर. न्यूयॉर्कमध्ये ते बरंच जास्त, तरी खरी कमाई 18-20 टक्के टिपेवर. म्हणजे टेबलं भराभर रिकामी करायची, चेहरा हसरा ठेवायचा. गुडघे कुरकुरू लागले की हेच जड जातं. फ्लॉरेन्समध्ये गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय बिल आणायचंच नाही, मग घाई कसली?

मी फ्लॉरेन्सच निवडेन. डोक्यावर कर्ज असेल तर मात्र न्यूयॉर्क.