'जॉब लागला की मग फी' म्हणणाऱ्या क्लासने पप्पांच्या आणि माझ्या नावावर कर्ज काढलं

फ्रेशर जावा डेव्हलपर, साडेतीन लाखाचं पॅकेज, लोकेशन पुणे, अशी जाहिरात जॉब पोर्टलवर दिसली आणि अप्लाय केल्यावर अर्ध्या तासात कॉल आला तर तो बहुतेक कंपनीचा कॉल नसतो, ट्रेनिंग क्लासचा असतो. खऱ्या कंपन्या फ्रेशरला महिना महिना रिप्लाय देत नाहीत हो. मला आला होता असा कॉल, रेझ्युमे शॉर्टलिस्ट झालाय उद्या अकराला ओरिजिनल डॉक्युमेंट घेऊन या म्हणे. मी नांदेडची, बीएस्सी कॉम्प्युटर, वाकडला पीजीत राहून अप्लाय करत होते, त्यामुळे कॉल आला यातच आनंद.

तिथे गेल्यावर एक ॲप्टिट्यूड झाली, मग एका सरांनी ओओपी आणि एसक्यूएलचे चार प्रश्न विचारले आणि मग काउन्सेलर मॅडमकडे पाठवलं. मॅडम म्हणाल्या, "बेटा तुझं लॉजिक छान आहे, फक्त स्प्रिंग बूट आणि रिॲक्ट येत नाही म्हणून क्लायंट घेणार नाही, आमच्याकडे ट्रेनिंग कर, प्लेसमेंट शंभर टक्के, आणि फी आत्ता द्यायचीच नाहीये, जॉब लागला की पगारातून दे." वर ॲप्टिट्यूडला चांगले मार्क पडले म्हणून स्कॉलरशिप, 1 लाख 20 हजाराचा कोर्स 90 हजारात. ही स्कॉलरशिप बॅचमधल्या प्रत्येकाला मिळालेली होती हे नंतर कळलं 😀

आता खरा खेळ इथून सुरू होतो. "सीट ब्लॉक करायला फक्त रजिस्ट्रेशन करून घेऊ" म्हणत त्यांनी माझ्याच मोबाईलमध्ये एक ॲप टाकलं. आधार, पॅन, सेल्फी. मला उत्पन्न नाही म्हणून "गार्डियन म्हणून" पप्पांचे पण डिटेल्स मागितले, पप्पा एसटीत ड्रायव्हर, त्यांची पगाराची स्लिप व्हॉट्सॲपवर मागवली आणि नांदेडला त्यांच्या फोनवर आलेले ओटीपी मॅडमनी कॉलवर विचारून घेतले. शेवटी माझ्या बँक खात्याचा ई-मँडेट (म्हणजे हप्ता खात्यातून आपोआप कापायची परवानगी), त्यालाही ओटीपी. प्रत्येक ओटीपीला "हे नुसतं व्हेरिफिकेशन आहे काका" एवढंच. ॲग्रीमेंट ईमेलवर आलं ते वीसेक पानांचं इंग्रजी, आणि त्यात क्लासचं नाव शोधावं लागतं एवढं कमी, सगळीकडे एका फायनान्स कंपनीचं नाव. कर्जदार मी, सहकर्जदार पप्पा.

म्हणजे क्लासला पूर्ण पैसे पहिल्याच आठवड्यात मिळून गेले. पैसे आपल्या खात्यात येतच नाहीत, थेट क्लासच्या खात्यात जातात, म्हणून आपल्याला कर्ज घेतल्यासारखं वाटतच नाही. पहिले तीन महिने हप्ता नाही, त्यालाच ते "जॉब लागेपर्यंत फी नाही" म्हणतात. चौथ्या महिन्यात जॉब असो नसो, साडेसात हजाराचा हप्ता खात्यातून कट. खात्यात पैसे नसले की बँकेचा बाउन्स चार्ज वेगळा, फायनान्स कंपनीचा दंड वेगळा आणि सिबिल स्कोअर (कर्जफेडीचा रेकॉर्ड) दोघांचा खराब.

शिकवलं काय ते विचारू नका. पहिला महिना कोअर जावा बरं चाललं, ते सर सोडून गेले, मग रेकॉर्डेड व्हिडिओ. प्रोजेक्ट म्हणून सगळ्या बॅचला एकच हॉस्पिटल मॅनेजमेंट दिलं, तेच सगळ्यांच्या रेझ्युमेवर. असले रेझ्युमे इंटरव्ह्यू घेणाऱ्यांना तोंडपाठ असतात. प्लेसमेंट गॅरंटीच्या अटी पण बघा, हजेरी 85 टक्के पाहिजे, मॉक टेस्ट पास पाहिजे, आणि त्यांनी पाठवलेले तीन इंटरव्ह्यू नाकारले की गॅरंटी संपली. मला पाठवलं ते एका कॉल सेंटरला आणि दोन ठिकाणी इन्शुरन्स विकायला. नाही म्हटलं, झाले तीन.

त्यानंतर मॅडमनी "दुसरा मार्ग" सांगितला, अजून 40 हजार दे, तीन वर्षांचं एक्स्पिरियन्स लेटर आणि सॅलरी स्लिप देतो. हे मी घेतलं नाही, पण बॅचमधल्या काहींनी घेतलं म्हणून लिहितेय. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले नुसतं लेटर बघत नाहीत, यूएएनवरची (पीएफ खात्याचा नंबर) सर्व्हिस हिस्टरी बघतात, पीएफ कुठे कधी भरला ते तिथे दिसतं, आणि टीडीएस (पगारातून कापलेला टॅक्स) कापला असेल तर आयकर खात्याच्या टॅक्स स्टेटमेंटमध्ये (26एएस). 2022 च्या नोव्हेंबरमध्ये ॲक्सेंचरने भारतात जाहीर सांगितलं होतं की खोट्या कंपन्यांची एक्स्पिरियन्स लेटर वापरून आलेल्या लोकांना काढलंय. म्हणजे जॉब लागून सुद्धा जातो, आणि तेव्हा क्लासवाले फोन उचलत नाहीत.

आमच्या क्लासने तर ऑफिसच बंद केलं. मी फायनान्स कंपनीला फोन केला तर ते म्हणतात मॅडम क्लासची सर्व्हिस आमची जबाबदारी नाही, तुम्ही कर्ज घेतलंय. वसुलीवाले नांदेडला पप्पांना फोन करायला लागले, पप्पा ड्युटीवर असताना, रात्री नऊला पण. हे माहीत असू द्या, रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वसुलीचा फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करता येत नाही, हे मेलवर लिहून कळवल्यावर रात्रीचे फोन बंद झाले.

अजून एक, हे कुणीच सांगत नाही. डिजिटल कर्जाला कूलिंग ऑफ पिरियड असतो, त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंड न लागता कर्ज रद्द करता येतं (प्रोसेसिंग फी कापू शकतात). मुदत किती ते 'की फॅक्ट स्टेटमेंट'मध्ये (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) लिहिलेलं असतं. आता गोची अशी की पैसे असतात क्लासकडे, त्यामुळे क्लासने परत केले तरच आपल्याला रद्द करणं जमणार, म्हणून पहिल्या दोनतीन दिवसातच भांडायचं, बॅच सुरू व्हायची वाट बघायची नाही. आणि काउन्सेलर "कर्ज नाही, ईएमआय आहे" म्हणाला तर तेच वाक्य त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, लगेच विषय बदलतो बघा.

ज्यांचं आधीच झालंय त्यांच्यासाठी. पोलिसांनी आम्हाला हे सिव्हिल मॅटर आहे म्हणून परत पाठवलं, पण लेखी अर्ज देऊन पोच घ्या. फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा, 30 दिवसात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर लोकपालकडे तक्रार, फुकट आहे. क्लासविरुद्ध 1915 ला (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) फोन, आणि ग्राहक आयोगात केस करायला पुण्यात राहायची गरज नाही, 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि दिलेली रक्कम 5 लाखापर्यंत असेल तर फी शून्य. मी नांदेडलाच केलीय, क्लास आणि फायनान्स कंपनी दोघांना पार्टी करून, कारण एकट्या क्लासवर केली तर हप्ते चालूच राहतात असं वकील काकांनी सांगितलं. पुढची तारीख पडलीय. मॅडमचे व्हॉट्सॲप मेसेज, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, डेमो लेक्चरचं रेकॉर्डिंग हे सगळं पुरावा म्हणून जोडलंय, तुमच्याकडे असेल तर डिलीट करू नका, आणि त्याच बॅचचं कोणी असेल तर मेसेज करा, एकत्र तक्रार टाकू.