वकीलसाहेबांचे शनिवारचे कार्यालय

वडिलांच्या पश्चात शेताच्या उताऱ्यावर आम्हा तिघा भावंडांची नावे चढवण्याचे काम अडले, म्हणून गेल्या वर्षी मी कर्नाटकाच्या सीमाभागातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात पाच वेळा गेलो. आमदारांचे नाव आणि पक्ष मी सांगणार नाही, कारण आपल्याकडे पक्ष कळला की सेवा चांगली की वाईट हे वाचणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. एवढेच सांगतो की हे गृहस्थ वीस-बावीस वर्षे तालुक्याच्या कोर्टात दिवाणी वकिली करत होते, पहिली निवडणूक हरले, दुसरी जिंकले आणि आजही माणसे त्यांना आमदारसाहेब न म्हणता वकीलसाहेबच म्हणतात.

कार्यालय म्हणजे त्यांचे जुने वकिलीचेच ऑफिस. भिंतीवर कायद्याच्या जुन्या निकालपत्रांचे जाड खंड तसेच आहेत आणि टोकन देणारा माणूस पूर्वीचा त्यांचा कारकून आहे. त्याच्यापुढच्या नोंदवहीत नाव, गाव, काम आणि पोहोच क्रमांक यांच्या पुढे शेवटचा रकाना ‘पुढील तारीख’ असा आहे. हे पाहून बाकावरचे म्हातारे हसतात, पण त्या रकान्यात लिहिलेली तारीख माझ्या बाबतीत एकदाच हुकली आणि तेव्हाही आदल्या दिवशी फोन आला. इतर कार्यालयांत ‘बघू, करू’ ऐकून परतण्याची सवय झालेल्या माणसाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

या कार्यालयाविषयी सर्वांत जास्त तक्रार ऐकू येते ती अशी की साहेब फोन लावत नाहीत. आमदाराकडे जायचे ते तहसीलदारांना त्याच्या तोंडून दोन शब्द सुनावण्यासाठी, अशी आपली समजूत असते आणि माझीही होती. वकीलसाहेबांनी मात्र माझी नाडकचेरीची, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कार्यालयाची, पावती मागितली, तिच्यावरचा पंधरा अंकी जीएससी (सेवा हमी) क्रमांक चष्मा कपाळावर सरकवून दोनदा वाचला आणि मुदत उलटून ११ दिवस झाल्याचे बोटांवर मोजून सांगितले. कर्नाटकाच्या २०११ च्या ‘सकाल’ या सेवा हमी कायद्यानुसार ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर अपील करता येते आणि उशिराच्या प्रत्येक दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये, भरपाई मागता येते, जी कसूर करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारातून वसूल होते. अर्ज देताना पावती जपून ठेवण्यापलीकडे मला यातले काही ठाऊक नव्हते. फोनने झालेल्या कामाला पुरावा राहत नाही आणि उद्या कचेरीतले साहेब बदलले की ते काम पुन्हा शून्यावर येते, असे त्यांचे म्हणणे होते. त्या दिवशी मला ते कामाची टाळाटाळ वाटले. चौथ्या फेरीत पटले, कारण कचेरीतल्या माणसाने या वेळी ‘सायबांचा फोन आलाय काय?’ असे न विचारता अपिलाची प्रत हातात घेऊन खुर्ची पुढे केली.

वकिली आणि आमदारकी एकाच माणसाने करावी का, हा प्रश्न येथे येतोच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये लोकप्रतिनिधींना वकिली करण्यास सध्याच्या नियमांत बंदी नाही असा निकाल दिला, त्यामुळे कायद्याची अडचण नाही. ग्राहकाची अडचण मात्र आहे. साहेब अजूनही काही जुने दावे चालवतात आणि दोन वेळा मी ताटकळत बसलो तो याच कारणाने. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: माझ्या चुलत्यांचे एक प्रकरण पूर्वी त्यांच्याकडे होते, हे त्यांनी पहिल्याच भेटीत आपणहून सांगितले आणि वाटणीचा वाद निघाला तर मला दुसरा वकील पाहावा लागेल असे बजावले. सांगोल्याचे गणपतराव देशमुखही मुळात वकीलच; एकाच मतदारसंघातून ११ वेळा निवडून गेलेल्या त्या माणसाचे नाव आमच्याकडच्या जुन्या शेतकरी कामगार पक्षवाल्यांच्या तोंडी अजून असते. त्यांच्या पंगतीला यांना बसवण्याचा माझा विचार नाही, पण कागद नीट वाचणारा आमदार कसा दिसतो याचा अंदाज मला या कार्यालयात आला.

उणे बाजूंपैकी एक मला खटकलीच. माझ्या अपिलाची पोहोच मला फक्त कन्नडमध्ये मिळाली. राज्यभाषा कन्नड आहे आणि कचेरीत जाणारा कागद कन्नडमध्ये असणे साहजिक आहे. परंतु राज्यघटनेचे कलम ३५० कोणत्याही नागरिकाला राज्यात वापरात असलेल्या भाषेत गाऱ्हाणे मांडण्याची मुभा देते, आणि १५ टक्क्यांहून अधिक भाषिक अल्पसंख्य असलेल्या भागात त्यांच्या भाषेत कागदपत्रे मिळावीत म्हणून इथे पिढ्यान्‌पिढ्या अर्ज चालले आहेत, हे ज्या माणसाला कलमांसकट पाठ आहे त्याच्याच दारात मराठी गोषवारा मागून घ्यावा लागावा, हे बरे नव्हे. मागितल्यावर कारकुनाने तो दहा मिनिटांत सुवाच्य अक्षरात लिहून दिला, हेही खरे.

विधानसभेतील कामाचा हिशेब मी फारसा मांडू शकत नाही. बेळगावच्या हलग्याजवळ असलेल्या सुवर्ण विधानसौधात, म्हणजे विधानसभेच्या इथल्या इमारतीत, २०१२ पासून हिवाळी अधिवेशने भरू लागली तशी आमदारमंडळी आपल्या दाराशी आली खरी, पण एकदा प्रेक्षक सज्जात बसून मी यांचे भाषण ऐकले ते युक्तिवादासारखे लांबलेले होते आणि अध्यक्षांनी दोनदा घंटा वाजवली. मुद्दा मात्र तिसऱ्या घंटेच्या आत पोहोचला.

ज्यांना जायचे आहे त्यांनी शनिवारी सकाळी नऊच्या आत जावे, प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स न्याव्यात आणि तोंडी हकिगत लांबवू नये, कारण साहेब मध्येच ‘कागद काय म्हणतो?’ असे विचारतात. बायकांना एकांतात बोलता येईल अशी जागा तेथे नाही, तेव्हा घरगुती वादाचे काम असेल तर आधी फोन करून वेगळी वेळ मागावी. पाचपैकी साडेतीन गुण.

आमची तिघांची नावे उताऱ्यावर चढली. उशिराच्या ११ दिवसांचे २२० रुपये मात्र मी सोडून दिले, आणि कारकुनाच्या नोंदवहीत माझ्या नावापुढे त्या भरपाईसाठीची ‘पुढील तारीख’ अजून तशीच पडलेली आहे.