मेंढीकोटच्या रात्री भडंगच

दर शनिवारी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरी चौघांचा मेंढीकोटचा डाव बसतो. प्रत्येकाच्या हातात तेरा पानं, त्यामुळे खायला एकच हात मोकळा. पूर्वी भजी करायचो, पण तेलकट बोटांनी पत्त्यांची पार वाट लागली. आता महाद्वार रोडच्या एका गल्लीतल्या छोट्या दुकानातून अर्धा किलो लसूण भडंग आणतो.

चिरमुरे टपोरे, दाताखाली कुर्रकन मोडणारे. लसूण सालीसकट ठेचून तळलेला असतो, करपवलेला नाही, आणि हीच या दुकानाची खरी कमाई. तिखट जिभेवर आधी येत नाही, गिळल्यावर घशाशी जाणवतं. मागच्या वेळी पुण्याचा मित्र दोन घासांत ताकाचा तांब्या मागू लागला, तरी वाटी काही सोडली नाही त्यानं!

तक्रार एकच. शेंगदाणे कमी असतात आणि असतात तेही तळाशी जाऊन बसतात. मी घरी मूठभर भाजून मिसळतो. कांदा-कोथिंबीर मात्र वेगळ्या ताटलीत ठेवा, आधी कालवलीत तर दुसऱ्या डावापर्यंत सगळं मऊ पडतं. प्रत्येकाला वाटी आणि चमचा द्या, पत्ते कोरडे राहतात.

आपल्याकडच्या पावसाळ्यात पुडा फोडला की लगेच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरायचा. सादळलंच तर कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं परतून घ्या, पुन्हा कुरकुरीत होतं. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा शेंगदाण्यांपायी कापला.