ट्रिगरवाला इलेक्ट्रॉनिक लोड: सहा महिने वापरून

जळगावात एसएमपीएस, म्हणजे उपकरणांना डीसी वीज पुरवणारे पॉवर सप्लाय, दुरुस्त करायचं माझं छोटं दुकान आहे. रावेरच्या एका केळीवाल्या भाऊंचा ठिबक कंट्रोलर व्हॉल्व्ह उघडताच रीसेट व्हायचा, पण मीटरवर १२ व्होल्ट ठणठणीत! त्याच्या पॉवर सप्लायला लोड जोडला, म्हणजे हवा तेवढा करंट ओढून सप्लाय तपासणारं यंत्र. पल्स मोडला टाकला, म्हणजे करंट झटक्यात ०.५ वरून ३ अँपिअर. ट्रिगर आउट (करंट उडी मारताच इशारा देणारं टोक) स्कोपला, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपला, जोडून बटण दाबलं, अन् पडद्यावर खड्डा दिसला: सव्वानऊ व्होल्ट. आउटपुटचा कपॅसिटर कोरडा पडलेला. पैसे तिथंच वसूल.

ट्रिगर इनला (बाहेरून इशारा घेणाऱ्या टोकाला) साधं पुशबटण लावलं, तर टॉगल मोडमध्ये, जिथं एका दाबाला करंटची एकच उडी हवी, तिथं एका दाबात तीन उड्या. बटणाचे संपर्क थरथरतात, लोड बिचारा काय करणार? १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बटणाला लावला, गप्प बसलं. लोडचा पंखा मात्र मे महिन्यात असा ओरडतो की गिऱ्हाईकाचा फोन ऐकू येत नाही. चार तारे.