ब्रेस्ट पंप, बोंडलं आणि पाळणाघर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

डबल इलेक्ट्रिक पंपाची मोटर गेली असं समजून तो सर्व्हिसला पाठवायच्या बेतात असाल तर जरा थांबा. दिवा लागतोय, घरघर ऐकू येतेय, पण वीस मिनिटांत जिथं १०० मिली यायचं तिथं ४० वर गाडी अडतेय, असं असेल तर आधी फ्लँजखालचा (म्हणजे स्तनावर बसणाऱ्या नरसाळ्याखालचा) पांढरा सिलिकॉनचा व्हॉल्व बघा. अंगठ्याच्या पेराएवढा, बदकाच्या चोचीसारखा. हेल्पलाइनवर तीनदा फोन केला, तिन्ही वेळा एकच उत्तर: 'मॅडम, मोटर चेक करावी लागेल, कुरिअर करा.' रत्नागिरीहून कुरिअर जाऊन येईस्तोवर दहा-बारा दिवस जातात, आणि तेवढ्या दिवसांत दूध कमी व्हायला लागतं. व्हॉल्व बदलल्यावर पंप पहिल्यासारखा ओढायला लागला. दीड-दोनशे रुपयांची वस्तू, पण बॉक्समध्ये एकही जादा नाही! चार्जर, पिशवी, गुळगुळीत कागदाची पुस्तिका, सगळं आहे. जे झिजतं तेवढंच नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मैत्रिणींच्या वेगवेगळ्या पंपांची तऱ्हा हीच आहे.

व्हॉल्व तपासायचा असा: उजेडासमोर धरा. चीर मिटलेली हवी, बाजूंनी चिमटीत दाबल्यावरच उघडायला हवी. न दाबताच फट दिसत असेल तर तो गेला. जोडलेल्या पंपाची फ्लँज तळहातावर टेकवून चालू करा. घट्ट चिकटली नाही तर हवा कुठून तरी गळतेय. व्हॉल्व खराब होतो तो बहुतेक आपल्याच हातानं, चिरेत ब्रश घालून घासल्यामुळे. ब्रश लावायचा नाही, साबणाच्या पाण्यात बोटांनी हलके चोळायचा. उकळताना भांड्याच्या तळाला टेकू द्यायचा नाही, आत स्टीलची चाळणी ठेवायची, पाच मिनिटं पुरेत. रोज दोन-तीनदा पंप वापरणारीनं दीड-दोन महिन्यांनी बदलावा. दोन जोड्या सुरुवातीलाच मागवा.

फ्लँजचंही तेच. बॉक्समध्ये २४ मिमीची येते आणि सगळ्या जणी तीच वापरतात. स्तनाग्राची रुंदी मोजा, त्यात एक ते तीन मिमी मिळवा, ते तुमचं माप. मोठी फ्लँज दुखवते आणि दूधही कमी काढते. पंपाची ओढ वाढवून पान्हा फुटत नाही, उलट दुखलं की थांबतो. आधी एक-दोन मिनिटं हलक्या भराभर ओढीवर ठेवायचा, धार सुरू झाली की सावकाश आणि खोल.

पावसाळ्यात खरी कसोटी लागते ती नळीची. जूनपासून आपल्याकडे लंगोट वाळत नाहीत, तिथं चार मिमीची नळी काय वाळणार! आत वाफ धरते, आठवड्यात काळे ठिपके दिसतात. ते बुरशीचे असतात आणि धुऊन जात नाहीत, नळी टाकूनच द्यायची. दूध काढून झाल्यावर फ्लँज सोडवून नुसता पंप दोन-तीन मिनिटं चालू ठेवायचा, आतली वाफ निघून जाते. मग नळी दोन्ही टोकं खाली करून खुंटीवर टांगायची. बाकीचे भाग टॉवेलनं पुसू नयेत, चाळणीवर निथळू द्यावेत.

वरचं सगळं पाचव्या महिन्यात लिहून ठेवलं होतं. तेव्हाचं एक मत मात्र आता बदललंय. तेव्हा बाटली हीच एकमेव सोय वाटत होती, म्हणून मागवलेले तीन प्रकारचे निपल आज ड्रॉवरमध्ये पडून आहेत. पाळणाघरातल्या काकूंनी घरातलं जुनं बोंडलं काढलं आणि प्रश्न मिटला. बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरायचं, चोच खालच्या ओठावर टेकवायची, दूध ओठांपर्यंत आणायचं, तोंडात ओतायचं नाही. बाळ जिभेनं ओढून घेतं. ६० मिलीला दहा-पंधरा मिनिटं लागतात, घाई केली तर ठसका. आतबाहेर उघडं भांडं, त्यामुळे घासायला सोपं. बाटलीच्या निपलच्या कोपऱ्यात साय अडकते तशी इथं जागाच नाही. बोंडलं नसेल तर वाटी-चमचा. पहिले आठ-दहा दिवस आईनं खोलीत थांबू नये, वास आला की बाळ दुसरं काही घेत नाही. अर्ध्या भुकेला द्यावं. रडून लाल झालेलं बाळ नवीन काही शिकत नाही.

किती दूध पाठवायचं हा सगळ्यांचा प्रश्न. अंगावर पिणाऱ्या बाळाला साधारण तासाला ३० ते ४५ मिली धरा. नऊ तासांची गैरहजेरी म्हणजे २७० ते ४०० मिली. ६०-६० मिलीच्या डब्या भराव्यात, १५०ची एक नको, कारण उष्टं झालेलं दूध दोन तासांनंतर टाकायचं असतं आणि ते टाकताना जीव जातो. काकूंना दोन गोष्टी पहिल्याच दिवशी सांगा: हे दूध गाईच्या दुधासारखं उकळायचं नाही, कोमट पाण्याच्या वाटीत डबी ठेवायची, आणि उरलेलं 'मगाशी प्यायला नाही, आता बघू' करायचं नाही. वर साय वेगळी दिसते ती नासलेली नसते, डबी हलकेच गोल फिरवली की मिसळते.

बाहेर चार तास टिकतं असं जे सांगतात ते २५ अंशांपर्यंतचं. आपल्या एप्रिल-मेच्या दुपारी तो हिशेब विसरा. काढल्याबरोबर फ्रिजमध्ये, मागच्या बाजूला, दारात नाही. तिथं चार दिवस. ऑफिसात फ्रिज नसेल तर बर्फाच्या पॅकसह थर्मोबॅग, २४ तासांपर्यंत. फ्रीझरमध्ये साठा करण्याची हौस आता मला नाही. २०२०च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस लाइट नव्हती; भरलेला फ्रीझर दार न उघडता दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. दोन-तीन दिवसांपुरतं ठेवलं की झालं. गोठवलेल्या दुधाला साबणासारखा वास येऊन बाळ तोंड फिरवत असेल तर तो दुधातल्याच लायपेज या चरबी फोडणाऱ्या एन्झाइमचा परिणाम, दूध खराब नसतं. पुढच्या वेळी गोठवण्याआधी कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवून लगेच गार करा. आणि लाइट नसताना उपयोगी पडतं ते हातानं दूध काढणं. ते मोटरच्या आधी शिकून घ्या.

पाळणाघराची सवय कामावर रुजू होण्याआधी दोन आठवडे सुरू करावी: पहिले दोन दिवस आईसकट तासभर, मग आईशिवाय तास, मग एका जेवणाएवढा वेळ, मग झोप. गुरुवारी रुजू झालात तर पहिला आठवडा दोन दिवसांत संपतो. २६ आठवड्यांच्या रजेतले आठ प्रसूतीआधी घेतले असतील तर बाळ जेमतेम चार महिन्यांचंच असतं, म्हणजे पेज नाही, नाचणी सत्त्व नाही, फक्त दूध. ते सहा महिन्यांनंतर, मीठ-साखर न घालता. मध वर्षभर नाही. कायद्यानं बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या दिवसात बाळाला पाजण्यासाठी दोन जादा मधल्या सुट्या मिळतात. त्या लेखी अर्ज करून मागा, तोंडी मागितलेल्या चहाच्या सुटीत जमा होतात.

पिशवीत आईच्या जुन्या सुती साडीचं दुपटं, पावसाळ्यात लंगोट सहाऐवजी बारा, प्रत्येकावर दोऱ्यानं खूण. आणि गणपतीत पाळणाघर किमान पाच दिवस बंद धरून चला. तेवढ्या रजा आतापासून बाजूला काढा.

शेवटी पैशाचं. ऑफिसात दिवसातून दोनदाच दूध काढायचं असेल तर पुन्हा घेताना मी हातपंपच घेईन, पाव किमतीत येतो आणि लाइट लागत नाही. फक्त त्यातही तोच चोचीचा व्हॉल्व असतो, म्हणून दोन जादा तिथंही मागवा.